मेख धरणारा

खलाशी म्हटलं की लोकांना समुद्रच दिसतो. माझ्या सुनेचे काका पहिल्यांदा लातूरला आमच्या घरी आले, तेव्हा चहा पिता पिता त्यांनी मोठ्या आदरानं विचारलं, "मग तुम्ही कुठल्या बोटीवर होता?" मी म्हटलं, अहो, आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं तरी माणसं एकमेकांना हाका मारून सांगतात, बोट कुठून आणू? सून आत पदराआड हसत होती. काकांना वाटलं, माणूस तिरसट आहे. तो मी आहेच, त्यात खोटं काही नाही.

बांधकाम खात्यात आमच्यासारख्यांना खलाशी म्हणायचे. साहेब रस्त्याच्या नाहीतर तलावाच्या मोजणीला निघाला, की त्याच्या एक दिवस आधी आम्ही निघायचो. माळावर जाऊन राहुटी ठोकायची, साहेबाची खाट, टेबल, पाण्याचा रांजण लावायचा, मग साखळी ओढायची, झेंडी धरून उन्हात उभं राहायचं, आणि काम संपलं की सगळं गुंडाळून पुढच्या माळावर. चौतीस वर्षं मी हेच केलं. आमच्या शेजारचे गुरुजी दिवाळी अंकाचं काम बघतात. ते म्हणाले, लिहा की, तुमचा अनुभव दांडगा आहे. अनुभव कसला, लातूर आणि नांदेड ह्या दोन जिल्ह्यांतली जमीन मला वरून जेवढी माहीत आहे त्यापेक्षा आतून जास्त माहीत आहे, एवढंच. आणि जमिनीचं लिहायचं तर बसप्पाचं लिहावं लागतं. तेच इतकी वर्षं टाळत आलो.

बसप्पा माझा जोडीदार. जळकोटच्या अलीकडं डोंगराच्या कुशीत त्याचं गाव. लिंगायत शेतकऱ्याचा पोरगा, घरी जमीन होती पण नांगराला दगड लागावेत आणि नांगरानं माघार घ्यावी अशी. अंगानं काटक, बोलायला कमी. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि बाजारात गेला की दखनी. एखादं काम पुरं झालं की हात झटकून म्हणायचा, "आयतु." झालं, एवढाच त्याचा अर्थ. मी कंधारकडचा, तोंडानं फटकळ. मला घण मारायला आवडायचं आणि त्याला मेख धरायला, म्हणून आमची जोडी लागली ती दहा वर्षं तुटली नाही.

राहुटी ठोकणं म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मधे दोन डांब, म्हणजे खांब, वर कापड, आणि कापडाच्या कडेनं चहूबाजूंनी दोर. त्या दोराला आम्ही तणावा म्हणायचो. तणावा लोखंडी मेखेला बांधायचा आणि मेख जमिनीत ठोकायची. लोकांना वाटतं राहुटी डांबावर उभी असते. डांब नुसता कापड वर धरतो, राहुटी उभी असते ती मेखांवर. मेख सरळ ठोकायची नाही, तिचं डोकं राहुटीपासून बाहेरच्या बाजूला कललेलं पाहिजे. एक जण खाली बसून मेख धरतो, दुसरा उभा राहून घण मारतो. आणि मारणाऱ्यानं कधी मारायचं हे मारणारा ठरवत नाही. धरणारा "हां" म्हणतो, मग घण पडतो. पुन्हा हां, पुन्हा घण. धरणाऱ्याची नजर मेखेवर असते, घणाकडं तो बघतच नाही. बघितलं तर हात काढून घेईल. हा आमच्या धंद्यातला कायदा, कुठल्या कागदावर लिहिलेला नाही, पण साहेबाचा हुकूम मोडला तरी चालायचा, हा मोडायचा नाही.

बसप्पा बसताना आधी गळ्यातलं लिंग पाठीवर टाकायचा, मग मेखेचं टोक जमिनीला लावून ते हळूहळू फिरवायचा. खाली माती आहे, मुरूम आहे का खडक, हे त्याला मेखेतून बोटांना कळायचं. मुरमाच्या खाली खडकाला कुठंतरी भेग असते. टोक त्या भेगेत बसेपर्यंत तो फिरवत राहायचा, आणि बसलं की म्हणायचा, हां. मी सुरुवातीला लई चिडायचो. म्हणायचो, अरे मेख ठोकायची आहे का तिचं लग्न लावायचंय? तो मान वर करायचा नाही. "घाई करून राहिलास, दिगंबरा. आत काय हाय ते बघू दे की."

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही जळकोटच्या माळावर होतो. आता जळकोट तालुका आहे, तेव्हा नुसतं गाव. माळावर तलावाचं काम निघालं होतं आणि आसपासच्या गावांतली माणसं खडी फोडायला यायची. पाणी टँकरनं, खायला सुकडी आणि तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. बायका लेकरांना कडेवर घेऊन यायच्या आणि दगडाच्या सावलीत, धडप्यावर निजवून कामाला लागायच्या. दगडाला सावली ती किती? दुपारपर्यंत तीही पायाखाली जायची. मग वरून हुकूम आला की लेकरांसाठी एक राहुटी द्या. आमच्याकडं राहुट्या दोनच, एक साहेबाची, एक सामानाची. सामान उघड्यावर काढलं आणि ती राहुटी लेकरांना दिली.

आता ठोकायची कुठं? वर चार बोटं मुरूम, खाली काळा खडक. घण मारला की मेख ठण्ण करून उडायची. तीन मेखा वाकल्या तेव्हा मी घण फेकून दिला आणि खाली बसलो. बसप्पा उठला, माळावर फिरला आणि हाताएवढे लांबोडे धोंडे गोळा करून आणू लागला. मला वाटलं, उन्हानं ह्याचं डोकं फिरलं. त्यानं पहारीनं मुरूम उकरून वीतभर खोल चर काढला, जिथपर्यंत खडक म्हणेल तिथपर्यंत. धोंड्याच्या कमरेला तणावा बांधला, दोर कापला जाऊ नये म्हणून मधे गोणपाट घातलं, आणि धोंडा चरात आडवा निजवला. दोर बाहेर यायला तिरकी वाट ठेवली. वरून मुरूम लोटला, पायानं दाबला आणि त्यावर अजून मोठे दगड रचले. तणावे नेहमीपेक्षा दीडपट लांब सोडले. दोर जेवढा आडवा, तेवढा धोंडा वर उचलला जात नाही, असं त्याचं म्हणणं. त्याचे वडील खळ्यावर सावलीचं कापड असंच बांधायचे. सगळं झाल्यावर त्यानं एकेक दोर बोटानं छेडून बघितला. मग म्हणाला, आयतु.

आमच्या साहेबाला हे पटलं नाही. नवा होता, पुस्तकातला. म्हणाला, माझी राहुटी नियमाप्रमाणे मेखांवरच राहील, दगडांचा गबाळेपणा मला नको. बरं साहेब. चार दिवसांनी भरदुपारी वावटळ आली. पश्चिमेकडून धुळीचा खांब येताना दिसला आणि बायकांनी घण टाकून लेकरांच्या राहुटीकडं धाव घेतली. त्यांच्या आधी मी धावलो, कारण साहेबाच्या राहुटीच्या मेखा उपटून येताना मी बघत होतो. एकामागून एक, कणीस खुडावं तशा. राहुटी उचलली, आडवी झाली आणि साहेबाचे नकाशे, पायजमा, आरसा घेऊन माळाच्या उतारानं गेली. पण ते बघायला कुणाला वेळ होता? लेकरांच्या राहुटीत सतरा लेकरं होती. आम्ही आत शिरलो तर बसप्पा मधल्या डांबाला पाठ लावून बसला होता, दोन लेकरं मांडीवर, एक खांद्याशी, आणि कापड डोक्यावर नुसतं फडफडत होतं. एकही तणावा हलला नव्हता. एका म्हातारीनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं तर तो लाजून बाहेर पळाला. साहेबाचा पायजमा दुसऱ्या दिवशी बाभळीवर सापडला. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतःच म्हणाला, "माझ्या राहुटीलाही ते धोंडे लावा."

आमच्या कामाची एक गंमत आहे. मेखा खात्याच्या, त्या मोजून घ्यायच्या आणि मोजून परत करायच्या. धोंडे कुणाचेच नाहीत, ते तिथंच राहतात. त्यानंतर दहा वर्षं आम्ही दोघं मिळून कुठं कुठं फिरलो. धर्माबादकडं काळी जमीन, मेख लोण्यात जावी तशी जाते आणि पाऊस पडला की तशीच बाहेर येते. निलंग्याकडं मऊ, उदगीरला पुन्हा खडक. जिथं खडक तिथं आम्ही धोंडे पुरले आणि तसेच सोडून आलो. पुढं एसटीनं त्या बाजूनं जाताना खिडकीतून माळ दिसला की मला वाटायचं, इथं आमचे धोंडे आहेत. शेजारच्या सीटवरच्या माणसाला हे सांगावं तर तो दुसरीकडं तोंड करेल.

मग लातूर जिल्हा झाला. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले. आम्हाला काय, आम्हाला मांडव. नवा जिल्हा म्हटलं की कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या की कार्यक्रम आले, आणि त्यातल्या एका कार्यक्रमाचा शामियाना आमच्या गळ्यात पडला. मैदान नवंच केलेलं. खडकावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून गुळगुळीत केलेलं. बसप्पा त्यावर उकिडवा बसला, तळहात टेकवला आणि म्हणाला, हे वरवरचं हाय, धोंडे पुरावं लागतेत. आमचा ओव्हरसियर म्हणाला, पुढारी येणार आहेत, गाड्या येणार आहेत, मैदानाला खड्डा पाडायचा नाही, मेखा ठोका, दोन तासांचा तर कार्यक्रम. बसप्पा म्हणाला, वारं काय कार्यक्रम बघून येतंय का. ओव्हरसियरनं माझ्याकडं बघितलं.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण त्याच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसलो. नव्या जिल्ह्यात मुकादमाची एक जागा निघणार होती आणि ओव्हरसियर आदल्या आठवड्यात मला म्हणाला होता, दिगंबर, तुझं नाव डोक्यात आहे. मी म्हटलं, "साहेब म्हणतात तसं करू." बसप्पा माझ्याकडं बघत राहिला. दहा वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्या विरुद्ध बोललो होतो. मग लिंग पाठीवर टाकून खाली बसला.

बावीस मेखा होत्या. नऊ-दहा कशाबशा बसल्या, अर्ध्या जमिनीत आणि अर्ध्या बाहेर. उन्हं चढत होती, तिकडं खुर्च्या लागत होत्या, ओव्हरसियर घड्याळ बघत फिरत होता. पुढच्या मेखेला बसप्पा टोक फिरवत बसला. भेग सापडत नव्हती. मी म्हटलं, आटप की. तो म्हणाला, थांब. मी घण खांद्यावर घेऊन उभा. ओव्हरसियर जवळ येऊन म्हणाला, काय रे, संध्याकाळ करता का? मला त्या दोघांचाही राग आला, आणि खरं सांगायचं तर बसप्पाचा जास्त. त्यानं हां म्हटलं नव्हतं. मी घण मारला.

मेख कलली आणि घण तिच्यावरून घसरून त्याच्या हातावर पडला. तो ओरडला नाही. हात पोटाशी धरून तसाच बसून राहिला आणि माझ्याकडं बघू लागला. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता विचारत होता, हे कसं झालं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

शामियाना उभा राहिला. वारा आलाच नाही, पानसुद्धा हललं नाही, कार्यक्रम झकास झाला. संध्याकाळी ओव्हरसियरनं कागद लिहिला, काम करताना मेख घसरून इजा. मला म्हणाला, सही कर. मी केली. दवाखान्यात बसप्पाला विचारलं तर तोही म्हणाला, मेख घसरली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मला बोलायचं होतं. माझ्यासारख्या फटकळ माणसाच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं. सोबत नेलेलं सफरचंद खाटेवर ठेवलं आणि निघून आलो.

पुढच्या महिन्यात जिल्ह्याजिल्ह्यांत माणसांची वाटणी निघाली. कुणाला कुठं जायचं ते लिहून द्या, असा कागद फिरला. बसप्पाचं गाव नव्या जिल्ह्यात, म्हणजे तो लातूरलाच राहणार हे उघड होतं. मी नांदेड लिहिलं. लोकांना सांगितलं, गाव जवळ पडतं. बायकोलाही तेच सांगितलं. मुकादमाची जागा तिसऱ्याच माणसाला मिळाली ते वेगळंच. बसप्पाला बोटं नाहीत म्हणून कोठाराच्या दारावर चौकीदार केलं, असं कानावर आलं. मेखा तो आता नुसत्या मोजत होता.

नांदेडला मला किती जोडीदार मिळाले. किनवटच्या जंगलात एक होता, तो मेख हातानं धरायचाच नाही, सांडशीनं धरायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. एक मेख लावायच्या आधीच हां हां हां करत सुटायचा. एक जण तर प्रत्येक घणाला देवाचं नाव घ्यायचा, म्हणजे माझ्यावर त्याचा भरवसा किती ते बघा. माणसं वाईट नव्हती. पण घण वर नेला की माझे कान त्या एका आवाजाकडं लागायचे. जरा घोगरा, नाकातून आलेला, घाई नसलेला हां. मी थांबायचो. नवा माणूस म्हणायचा, मारा की मुकादम. तोवर मी मुकादम झालो होतो. तरी घण मीच मारायचो, आणि मारायच्या आधी जरा थांबायचो, सगळ्यांना वाटायचं वय झालं. वय नव्हतं झालं. मला बसप्पा पाहिजे होता. किती वेळा त्याच्या गावाकडं जायला उदगीरच्या गाडीत बसावं म्हणून स्टँडवर गेलो आणि चहा पिऊन परत आलो. जाऊन म्हणायचं काय? सही करताना सुचलं नाही ते आता सुचणार होतं का?

निवृत्त झालो, मुलाची नोकरी लातूरला म्हणून इथं आलो. आलो तेव्हा मनात म्हटलं, आता जवळ आहे, जाऊ. त्यालाही आठ वर्षं झाली. मग मागच्या उन्हाळ्यात एक चाळिशीचा माणूस पत्ता शोधत दारात आला. चेहरा बघितला आणि नाव विचारायची गरजच उरली नाही. बसप्पाचा मुलगा. मोंढ्यात माल घेऊन आला होता. बसप्पाच्या नातीचं लग्न ठरलंय, दारात मांडव आहे. म्हणाला, "अप्पा म्हनले, मांडवाला दिगंबरकाका आल्याबिगर मेख ठोकायची न्हाई."

आम्ही गेलो. माझ्या मुलानं गाडीत बसवून नेलं. सगळ्या वाटेनं मी काय बोलायचं त्याची तालीम करत होतो. बसप्पा ओसरीवर बसला होता. केस पांढरेफेक, अंग अजून तसंच काटक. उठला, माझा हात धरला, त्याच तीन बोटांनी, आणि म्हणाला, चहा घे. बस्स. अंगणात आजकालचा मांडव उभा राहत होता, लोखंडी पाईप, खाली सिमेंट भरलेले डबे. मेखेचं काही कामच नव्हतं. मांडववाल्याची पोरं मोबाईलवर गाणी लावून कापड ओढत होती.

मी चहा खाली ठेवला. तालीम सगळी विसरलो होतो. म्हटलं, "बसप्पा, त्या दिवशी मेख घसरली नव्हती. तू हां म्हटलं नव्हतंस."

"मला म्हाईत न्हाई का?" तो म्हणाला. "हात माझाच व्हता."

"मग दवाखान्यात का बोलला नाहीस?"

"तू बोलशील म्हनून थांबलो," तो म्हणाला. "लई थांबलो, दिगंबरा."

मला रडू आलं. ह्या वयात, परक्या घरी, मांडववाल्या पोरांसमोर, पण आलं. तो शेजारी बसून राहिला, डोळे पूस म्हणाला नाही. नंतर उठून आत गेला आणि बाहेर आला तेव्हा हातात मेख आणि जुना घण होता. त्याचा मुलगा म्हणाला, अप्पा, आता काय करून राहिलाव, पाईपवर उभा हाय की मांडव. त्यानं लक्ष दिलं नाही. अंगणाच्या कडेला, एक मोकळा दोर लोंबत होता तिथं गेला आणि घण माझ्या हातात दिला.

ते अंगण मुरमाचं. चार बोटांखाली खडक, पायालाच कळत होतं. असल्या जमिनीत मेख जात नाही, धोंडा पुरावा लागतो, हे मला त्यानंच शिकवलं होतं. मी तसं म्हणालोही. तो ऐकल्यासारखं न करता उकिडवा बसला, गळ्यातलं लिंग पाठीवर टाकलं आणि उरलेल्या तीन बोटांत मेख धरून टोक फिरवू लागला. हातातला घण मला उचलवेल का तेही कळत नव्हतं. मी उचलला. वर धरून उभा राहिलो. तो फिरवत होता, मी थांबलो होतो. पोरांनी गाणं बंद केलं. किती वेळ गेला मला माहीत नाही, मला घाई नव्हती.

मग घणाकडं न बघता, मान खालीच ठेवून, तो म्हणाला, "हां."